अकरा नंबर खातंय का?

सगळे तिला हेडबाई म्हणत. कागदोपत्री ती साधी कामगार, पण संशोधन केंद्राच्या डुकरांच्या शेडमध्ये शब्द तिचाच चाले. नवऱ्यामागे ही नोकरी मिळाली, तेव्हा त्या वासाने कित्येक दिवस घशाखाली घास उतरला नव्हता. आता डुक्कर नुसतं उभं कसं आहे, यावरून त्याचं दुखणं ती ओळखायची. मदतनीस जाड्या टोचताना कधीमधी स्वतःलाच सुई लावून घेई. मग ती दिवसभर त्याची खिल्ली उडवी. "अरे, डुकराला टोचायचं असतं! तुझी वाढ झालीये पुरेशी."

तेव्हा डॉक्टरबाईंचा नवा प्रयोग चालू होता. निम्म्या डुकरांना वाढीचं हार्मोन देऊन झालं होतं. आता प्रत्येकाला एक सुई. काही सुयांत मेलेल्या जंतूंचा अर्क, काहींत नुसतं मिठाचं पाणी. कुठलीत काय, ते टोचणाऱ्याला मुद्दाम सांगत नसत. अर्काने रोग होत नाही, पण शत्रू आत शिरला असं समजून अंग पेटून उठतं. ताप चढतो, खाणं सुटतं, घाबरल्यावर वाढतात ती हार्मोनं उसळतात आणि अंग स्वतःचंच मांस जाळू लागतं. वाढीचं हार्मोन मिळालेलं डुक्कर यात टिकून राहतं की आणखी कोसळतं, ते बाईंना बघायचं होतं. पहिली तुकडी हेडबाईने पाहिली होती. सकाळी हुंदडणारी जनावरं दुपारी कोपऱ्यात एकमेकांना चिकटून कापत होती. त्यातलं एक पुन्हा उठलंच नाही.

अकरा नंबरची पाळी आली. जाड्याने त्याला फळीने भिंतीशी दाबलं. हेडबाईने कानामागे सुई घातली, दट्ट्या दाबला आणि डुकराने मानेला हिसका दिला. सुई निसटली ती हातमोज्यातून थेट तिच्या अंगठ्याच्या मुळाशी. दट्ट्यावरचं बोट अजून दाबलेलंच होतं.

"काय झालं?" जाड्याने विचारलं.

"काही नाही. नीट धर ना! फळी आहे ती, उशी नाही."

नळाखाली तिने अंगठा चोळचोळून धुतला. किती गेलं असेल? आणि काय गेलं असेल? बाईंना सांगितलं असतं तर लगेच कळलं असतं. पण हात चुकणाऱ्याला शेडमधून काढून कार्यालय झाडायला लावत; जाड्याचं तिनेच कधी वर कळू दिलं नव्हतं. शिवाय जाड्या जन्मभर हसला असता. मग तिच्या लक्षात आलं, उरलेलं औषध अकरा नंबरच्याच अंगात आहे. म्हणजे जे त्याचं होईल, तेच आपलं.

पालथ्या बादलीवर बसून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काय हो, प्रेमात पडलात की काय त्याच्या?" जाड्या म्हणाला.

"तुझ्यापेक्षा देखणं आहे. तू आपलं काम कर."

अकरा नंबर गव्हाणीशी आलं. मचमच आवाज करत खाऊ लागलं. हेडबाईचा जीव भांड्यात पडला. मिठाचं पाणीच होतं तर! तिने डबा उघडला, पण पहिलाच घास तोंडात फिरत राहिला. नुसत्या भीतीनेही तीच हार्मोनं वाढतात, म्हणून शेडमध्ये आरडाओरडा करू नका, असं बाई नेहमी सांगत. मग हे भीतीचं की त्या सुईचं? कसं कळायचं?

मचमच थांबली. अकरा नंबरने गव्हाणीतून तोंड काढलं, जरासं ओकलं आणि उबेच्या दिव्याखाली जाऊन आडवं झालं. पोट भरलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. मग त्याच्या पाठीवरून एक थरथर सरकत गेली. त्यामागून दुसरी.

हेडबाई उठली ती धावतच बाईंच्या खोलीत गेली.

"बाई, अकरा नंबर कापतंय."

"मग? अर्क दिलेल्यांतलं असेल ते."

"त्याची सुई मलाही लागली."

बाईंच्या हातातला पेन खाली पडला. "कधी? आणि इतका वेळ गप्प बसलात?" त्यांनी फोन उचलला, हॉस्पिटलला कळवलं आणि जाड्याला गाडी काढायला पिटाळलं. हेडबाईला दंडाला धरून त्यांनीच गाडीत बसवलं.

"मला काय होईल हो?" तिने विचारलं.

"डुकराला वजन बघून औषध देतो आपण. तुमच्या अंगात किती गेलं, मी कशी सांगू?" बाईंनी तिचा हात सोडला नाही. "पुढचे काही तास बघावं लागेल."

ते तास कसे असतात, हे हेडबाईला कुणी सांगायला नको होतं.

जाड्या आता चेष्टा करत नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटत होती. गाडी फाटकाबाहेर पडली.

"जाड्या, काच वर कर रे," ती म्हणाली. "थंडी वाजतेय."

जाड्याने आरशातून बाईंकडे पाहिलं. काच वरच होती.