बियाण्याला राखलेलं टमाटं

साराला तिचं वय विचारलं तर ती बोटं मोजायला लागायची आणि मध्येच सोडून द्यायची. पण काचघरातल्या कुठल्या झाडाला कितवा घोस लागला आहे, हे तिला झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगेल. नगरकडच्या बेलापूर स्टेशनपासून दोन कोसांवर, कालव्याच्या कडेला मिशनचा एक लहानसा दवाखाना होता आणि त्याच्या मागच्या अंगाला हे काचघर. दवाखान्याच्या जुन्या डॉक्टरीणबाईंनी ते हौसेनं बांधून घेतलं होतं. त्यांना सगळे मडम म्हणत. लढाई पेटली तशा मडम आपल्या देशी निघून गेल्या आणि जाताना किल्ली साराच्या हातात देऊन गेल्या. साराचा नवरा सहादेव तिथला माळी होता. तो वारल्यावर ते काम सारा बघत होती, आणि खरं सांगायचं तर तो असतानाही तीच बघत होती.

काचघर म्हणजे काही राजवाडा नव्हे. बाभळीच्या लाकडाचा सांगाडा, त्यात बसवलेल्या काचा, आत बारा झाडं मावतील एवढी जागा. पण त्या बारा झाडांचा थाट विचारू नका. एका झाडाला एकच शेंडा, तो सुतळीनं वर चढवलेला. पानाच्या बगलेत कोंब दिसला रे दिसला की सारा तो नखानं खुडून टाकायची. काचेच्या आत वारा नाही, माशी नाही, मग फळ धरणार कसं? म्हणून रोज दुपारी, फुलं उमललेली असताना, ती तुरीची काडी घेऊन प्रत्येक घोसाच्या देठावर हलक्या टिचक्या मारत फिरायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाई झाडांना शिकवणी देते आहे. ऊन तापलं की काचांना चुना फासायचा आणि फळ रंगायला लागलं की पाणी तोडायचं. "पानी पिऊन फळ फुगतं, चव येत न्हाई," हे तिचं ठरलेलं बोलणं. आणि चव अशी, की तापातून उठलेली, अन्नाकडे बघून तोंड फिरवणारी माणसं ते टमाटं मीठ लावून मागून खायची.

दुखणं होतं ते आकाराचं. मडमच्या वेळी शेराला तीन टमाटी बसत. पुढच्या साली चार बसली, मग पाच, सहा, सात. पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात साराने तराजूत टाकली तर शेराला नऊ. तिनं शेणखत वाढवलं, माती बदलली, झाडांशी भांडूनही बघितलं. झाडं हिरवीगार, फळ मात्र लिंबाएवढं. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्यात पीटरसाहेब आले. नगरहून बदलून आलेले दवाखान्याचे नवे कारभारी, माणूस सरळ पण हिशोबाला पक्का. आदल्या साली गारपिटीनं वॉर्डाच्या खिडक्या फोडल्या होत्या आणि लढाईमुळे काच कुठे मिळत नव्हती. साहेब काचघरात आले, एक टमाटं हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "साराबाई, एवढ्यासाठी एवढी काच अडकवून ठेवायची, हे मला पटत नाही. उपकारस्तुतीच्या सणापर्यंत थांबतो. मडमच्या वेळची टमाटी टेबलावर दिसली तर काचघर राहील. नाहीतर काचा उतरवून वॉर्डाला लावू." यात वाईट काय म्हणणार? सारानं मान हलवली आणि ते गेल्यावर तुरीची काडी मोडून फेकून दिली.

उपकारस्तुतीचा सण फेब्रुवारीत यायचा. ख्रिस्ती मंडळीतल्या प्रत्येकानं आपल्या हंगामातलं पहिलं आणि चांगल्यातलं चांगलं मिशनच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणायचं, टेबलावर मांडायचं. कुणाचा शाळू, कुणाची कोंबडी, कुणाचा गूळ. प्रार्थना झाली की त्याचा लिलाव, आणि आलेला पैसा देवळाला. एकदा टेबलावर ठेवलेली वस्तू परत मागायची नाही, एवढा एक नियम. सारा दरसाल पहिल्या घोसातलं सगळ्यात थोर टमाटं तिथं ठेवायची. स्टेशनवरून आलेला एखादा पाहुणा ते हौसेनं बोली लावून घेऊन जायचा. त्या दिवशी साराची मान ताठ असायची, आणि का नसावी?

त्याच साली, दिवाळीच्या सुमारास, ती शेजारच्या मळ्यात रंगुबाईकडे गेली. रंगुबाई तिची लहानपणापासूनची मैत्रीण. खळ्यावर बाजरीच्या कणसांचा ढीग पडला होता. मळणी सुरू व्हायच्या आधी रंगुबाई ढिगातून लांब, भरलेली कणसं निवडून पाटीत टाकत होती.

"ही कुनाला?" सारानं विचारलं.

"ही बियाची. ही आदी. मग खंडोबाची पाटी, मग घरात."

"देवाच्या आदी बी?"

रंगुबाईनं हात न थांबवता सांगितलं, "अगं सारे, देवाला पुढल्या वर्सीबी द्यायचं हाय न्हवं?"

सारा तिथंच खाली बसली. ती स्वतः बी कशाचं धरत होती? सगळ्यात थोर फळ देवाला. त्याखालची दवाखान्याला. आणि उन्हाळ्यात झाडं थकली, पानं पिवळी पडली, की शेवटी उरलेली, स्वयंपाकीणसुद्धा हातात घ्यायची नाही अशी रोडकी फळं पिळून त्यांचं बी. एक साल नाही, दोन साल नाही, पाच वर्षं. झाडांचं काही चुकलं नव्हतं. जे पेरलं तेच ती बिचारी इमानानं देत होती. साराला हसू आलं आणि स्वतःचा असा राग आला, की परतताना ती कालव्याच्या पुलावर मोठ्यानं स्वतःलाच दोन शब्द बोलली.

त्या सालचं बी आधीच पेरून झालं होतं; बारापैकी अकरा झाडं नेहमीचीच निघाली. कोपऱ्यातल्या बाराव्यानं मात्र जुन्या रक्ताची आठवण ठेवली. जाड देठ, रुंद पान. सारानं त्याच्या पहिल्या घोसात एकच फळ ठेवलं, बाकीची खुडली. जानेवारी संपता संपता ते फळ एवढं भरलं की तिला ते फडक्याच्या झोळीत टांगावं लागलं; वरच्या घोसांत मात्र त्या झाडानं दुसरं फळ धरलंच नाही.

आता खरी गोची झाली. हे एक फळ टेबलावर ठेवलं की काचघर वाचलं. पण बी गेलं, आणि पुढच्या साली पुन्हा लिंबं. फळ झाडावर पिकू दिलं तर बी हाती येणार, पण ते पेरायला काचघर राहणार नाही. मडमनं विश्वासानं दिलेली किल्ली आपल्या हातून जाणार, ते वेगळंच. सणाच्या आदल्या दुपारी टिचक्या मारता मारता ती थांबली, वर बघून म्हणाली, "देवा, राग धरू नको. यंदा तू थांब." मग उरलेल्या घोसांना टिचक्या मारून तिनं दार ओढून घेतलं.

सणाला साराने टेबलावर शेराला नऊवाली टोपली ठेवली. देवळात कुजबुज झाली. पाळक याकोबबाबांनी उपासना संपवली आणि पीटरसाहेब जवळ आले. "साराबाई, सोमवारी सुतार येईल."

"सुताराच्या आदी तुमी या साहेब. पाळकबाबा, तुमीबी या."

याकोबबाबा आणि साहेब तिच्यामागून काचघरात गेले. झोळीतलं टमाटं गडद लाल, सालीला तडा जायच्या बेतात आलेलं. साहेब बघतच राहिले. "हे टेबलावर ठेवलं असतंत तर मी सुताराचं नाव काढलं नसतं."

"ठावं हाय मला."

याकोबबाबांचा चेहरा उतरला होता. "साराबाई, देवाचा वाटा झाडावर ठेवलात?"

"बाबा, पाच वर्सं म्या थोरातलं थोर देवाला दिलं आन् रोडक्यातलं रोडकं पेरलं. म्हंजी दरसाली देवालाच कमी देत गेले. ही माझी चूक. आता ती मोडायची तर यंदा हे फळ बियालाच राहनार. पुढल्या साली तुमचं टेबल पुरायचं न्हाई."

तिनं आवाज चढवला नाही, पण नजरही खाली घातली नाही. पाळकबाबा निघून गेले. साहेब म्हणाले, "आणि वॉर्डाच्या खिडक्या?"

"गोनपाटं लावते. उनाळाभर भिजवते. एक वरीस द्या."

साहेबांनी पुन्हा एकदा त्या टमाट्याकडे पाहिलं आणि वर्ष दिलं.

सारानं शब्द पाळला. दिवसातून चार वेळा खिडक्यांच्या गोणपाटांवर पाणी मारायची. रोगी म्हणायचे, काचेपेक्षा हे बरं, गारवा येतो. मंडळीतल्या काही बायका मात्र तिच्याशेजारी बसेनाशा झाल्या, आणि ते तिला लागलं. रंगुबाईपाशी ती एकदा रडलीसुद्धा. पण बी तिनं जिवापाड जपलं. फळ गाडग्यात कुस्करून तीन दिवस आंबवलं, धुतलं, सावलीत वाळवलं, राखेत घोळवून पुडी बांधली.

सप्टेंबरात पेरलं. सगळीच झाडं चांगली निघाली असं नाही, चार पुन्हा रोडकीच आली. पण आठ झाडांनी तिच्या शब्दाची लाज राखली. यंदा साराने आधी बियाण्याचं फळ निवडलं, त्याच्या देठाला लाल दोरा बांधला, आणि मग देवाची टोपली भरली. तराजूत शेराला तीन बसली. सणाला ती टोपली टेबलावर आल्यावर लिलावात अशी चढाओढ लागली की स्टेशनवरच्या पाहुण्यांच्या वाट्याला एकही टमाटं आलं नाही. एक पीटरसाहेबांनी घेतलं. एक याकोबबाबांनी, साराकडे न बघता.

चार दिवसांनी सारा फुलांना टिचक्या मारत असताना दारात याकोबबाबा उभे राहिले. हातात कागदाची पुडी होती.

"घरात फळ चिरलं," ते म्हणाले. "बायको बी फेकत होती. मी थांबवलं. धुऊन वाळवलंय, तुमच्यासारखं जमलं की नाही माहीत नाही. साहेबांच्या घरचंही यातच आहे."

टेबलावर ठेवलेलं परत मागायचं नसतं, आणि सारानं मागितलंही नव्हतं. तिनं काडी कानामागे खोचली, डोळे पुसले आणि पुडी घ्यायला पदर पसरला.