धुरपदाचा बुटका ओटा

न्हावरे गावच्या धुरपदाचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि का असावा? डावा पाय पोलिओनं लहानपणीच गेलेला. मागं एकदा कुठलीशी संस्था गावात आली. शिलाई मशीनशेजारी बसवून तिच्या गळ्यात हार घातला, फोटो काढले आणि लोक पांगताच मशीन टेम्पोत चढवून पुढच्या गावाला नेलं. तिथंही फोटो काढायचा होता म्हणे!

त्यामुळं बचत गटाची गिताबाई दारात आली, तवा धुरपदानं आधी तिच्या हातात मोबाइल आहे का ते पाहिलं.

"रांजणगावच्या कामगारांचे डबे करतोय आम्ही. भाकऱ्या थापायला ये," गिताबाई म्हणाली.

"मीच का? धडधाकट बाया संपल्या व्हय गावातल्या?"

"तुझ्या हाताला चव हाय म्हणून."

गोड बोलणं ऐकून तर तिचा संशय बळावलाच. माझं नाव पुढं करून अनुदान लाटणार ह्या! तरी ती गेली. भावजयीच्या तोंडाकडं बघत जेवायचा तिला वीट आला होता. आपल्या कमाईचे दोन घास खायचे, एवढीच तिची आस होती.

शेडात तिच्यासाठी बुटका ओटा बांधला होता, बसून थापता यावं म्हणून. हं, फोटोची तयारी! धुरपदा दाराकडं तोंड करून बसली. बाहेर गाडी थांबली की फोटोवाले आले का ते ती मान उंचावून बघायची, नि तव्यावरची भाकरी तशीच राहायची.

एका सकाळी गिताबाई तणतणत आली आणि काळीठिक्कर भाकरी ओट्यावर आपटली.

"धुरपदे, ही भाकरी हाय का खापर? कालचे डबे परत आले! ध्यान कुठं असतं गं तुझं? असंच करायचं असंल तर घरी बस!"

"जाऊ द्या, बिचारी..." कुणीतरी म्हणालं.

"बिचारी कशाची? हात चांगले दणकट हायेत तिचे!"

जन्मात धुरपदाला असं कुणी झाडलं नव्हतं. तिनं काही सांडो, काही मोडो, लोक नुसतं 'असू दे' म्हणायचे. लंगडीवर कोण रागावणार? तिचे डोळे भरून आले, आणि आवाज मात्र चढला.

"तवा किती पातळ हाय तुमचा! जाड तवा आणा, मग तोंड चालवा!"

"आणते की! आजच आणते!" म्हणत गिताबाई तरातरा गेली.

धुरपदानं पदरानं डोळे पुसले, बसायचा पाट ओट्याच्या दुसऱ्या अंगाला सरकवून दाराकडं पाठ केली आणि पुढचा गोळा थापायला घेतला.