ओठांवरची ओढणी

कल्पना करा, तुम्हाला 'फर्टिव्ह' हा इंग्रजी शब्द शिकवायचा आहे. खालच्या मजल्यावर कापड विणणारे लूम चालू आहेत, फळा थरथरतोय आणि तुमचा आवाज समोरच्या बाकापर्यंतही पोचत नाही. काय कराल?

जाहिदा मॅडम आवाज चढवतच नाहीत. भिवंडीत लूमच्या कारखान्यावरच्या अशाच एका खोलीत त्या रोज संध्याकाळी बायकांना इंग्रजी शिकवतात. त्यांचे वडील लूमवर कामाला होते. त्यांना डबा पोचवता पोचवता मॅडम ओठ वाचायला शिकल्या. कारखान्यात सगळे तसेच बोलतात. मी त्या वर्गातला कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेलो होतो, स्क्रू हातात धरून बघतच राहिलो.

मॅडमनी शब्द फळ्यावर लिहिला. मग ओढणी ओठांवर धरली, दाराकडे चोरून पाहिलं आणि झटकन नजर वळवली. सगळ्या बायका हसल्या. लूमच्या गोंगाटात कुजबुजायची गरजच नसते. इथे ओठच वाचतात, म्हणून ज्याला लपवायचंय, तो तोंड झाकतो.

ओठांवरची ओढणी काढून त्यांनी नुसत्या ओठांनी, पण मलाही वाचता येईल इतक्या सावकाश समजावलं, "वाढदिवसाचा केक लपवला, ते सीक्रेट. त्यात भीती नाही. पण कुणी येईल म्हणून दाराकडे टाकलेली नजर, ती फर्टिव्ह."

"म्हणजे मीच की!" माझ्या शेजारच्या बाकावरून कमळ म्हणाली.

शेलार गावची कमळ कशेळीच्या गोदामात पॅकिंग करते. सुपरवायझर व्हायला इंग्रजी हवं, म्हणून घरी ओव्हरटाइम सांगून ती इथे यायची, तोंडाला स्कार्फ बांधून. सासूला कळलं तर वर्ग बंद, ही धास्ती.

आणि दारात सासूच उभी! ठकुबाई.

कमळचा हात गळ्यातल्या स्कार्फकडे गेला, अर्ध्यात थांबला. तोंड न झाकता, आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "आई, मी इथं शिकते."

ठकुबाईंनी कित्येक वर्षं लूमवर सुताच्या कांड्या भरलेल्या. त्यांचेही नुसते ओठ हलले, पण भराभर. मला काहीच कळेना, तेव्हा मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "त्या म्हणतायत, 'मना कवाच ठाव हाय. झोपेत इंग्रजी बडबडतंस. चष्मा घरी इसरलीस, आता फळा काय नाकानं वाचशील?'"

चष्मा सुनेच्या हातात देऊन ठकुबाई जिना उतरल्या.

त्याला आता महिना झाला. कमळ स्कार्फ न बांधता येते. मॅडम मात्र भेटल्या की अजून हेच विचारतात, "लपवणारीला शब्द आहे. पण सगळं ठाऊक असून, तिच्यासाठी ठाऊक नसल्यासारखी राहिली, तिला इंग्रजीत काय म्हणायचं?"