ती आली नाही त्या वर्षी

नागलीच्या भाकरीचा खरपूस वास आला की मला दिवाळीनंतर नाशिक रोडला आमच्या कॉलनीत येणारी एक बाई आठवते. ती पेठकडच्या डोंगरातली. घरातलं धान्य पुरायचं नाही, म्हणून नवरा-बायको दरवर्षी बांधकामावर मजुरीला येत. आमच्या आईशी तिची चांगली गट्टी जमली होती. एका वर्षी मात्र ती आलीच नाही. आजारी पडली असेल का, या काळजीनं आईला चैन पडेना. मग एका दुपारी तिचा नवरा एकटाच दारात उभा राहिला. आईचा चेहरा उतरला. "ती कुठंय?" "घरी हाय," तो हसला आणि नागलीची पिशवी पुढे करत म्हणाला, "तिनं धाडलीय. गावानं ओहोळाला बांध घातला ना, भात लय चांगला झाला. आता हरभरा उभा हाय. औंदा खायाला घरचंच पुरंल, आमी नाय येणार." आईनं डोळे पुसत त्याला जेवायला बसवलं. नंतरची कितीतरी वर्षं, थंडी पडली की आई फाटकाकडे बघायची आणि म्हणायची, "नाही आली. बरं झालं." मलाही ती पुन्हा कधी भेटली नाही, आणि आज पन्नाशीत मीही तेच म्हणते.