शकीला आपांचा रविवार

लिफ्टमध्ये भेटेल त्या माणसाला शकीला आपा विचारायच्या, ‘‘जेवण झालं काय?’’ तेही मराठीत, आणि हाताने घास तोंडाकडे नेऊन. आमची इमारत हॉलंडमधली. तिथले लोक लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचे एक उंच गृहस्थ पहिल्यांदा चांगलेच दचकले होते. पुढे पुढे तेच आपांना पाहून हसायचे आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवून दाखवायचे. ‘‘समजते त्याले सारं,’’ आपा मला म्हणाल्या, ‘‘फक्त बोलता येत नाही बिचाऱ्याले.’’

आपा यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीच्या. तिथल्या मराठी शाळेत शिकवण्यात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. यजमानांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. ते गेले आणि एकुलता एक मुलगा इमरान आईला इकडे घेऊन आला. इमरान माझ्याच ऑफिसात होता, राहायलाही त्याच इमारतीत. पहिल्याच दिवशी तो त्यांना माझ्या दारात घेऊन आला. मी ‘‘या, आत या, बसा ना’’ म्हटलं, तर आपांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

‘‘तू यवतमाळची ना? मंग असं पुस्तकासारखं काहून बोलून राह्यली?’’

त्या दिवसापासून माझी संध्याकाळ त्यांच्यासोबत जाऊ लागली.

आईने आता कायमचं इथेच राहायचं, असं इमरानने ठरवून टाकलं होतं. ढाणकीच्या घराला गिऱ्हाईकही आलं होतं. आपांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं, आणि त्या ना हो म्हणत, ना नाही. विषय निघाला की ‘‘पाहू ना’’ म्हणून त्या उठून कांदे चिरायला लागत. मुलगा जिवापाड जपत होता. त्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं, हा त्यांना घोर होता.

मला जुन्या इमारती बघत फिरायचा नाद. रेल्वेने दोन तासांवरच्या एका शहरात एका फार नावाजलेल्या वास्तुशिल्पकाराच्या इमारती आहेत. शनिवार-रविवार जोडून आम्ही तिघं जाणार होतो, पण इमरानला ऐनवेळी काम निघालं. मग आम्ही दोघीच गेलो.

शनिवारी आम्ही त्याने बांधलेलं नगरभवन पाहिलं. उंच छत, रंगीत काचा, दगडी जिना. आपा दारातच थबकल्या. ‘‘इथं खोकल्याचंही भेव वाटते,’’ म्हणाल्या आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या. दुपारी त्याचीच एक शाळा पाहिली, तिथे मात्र त्या रमल्या. अगदी शेवटच्या बाकावर बसून त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग डावीकडे सरकून पुन्हा पाहिलं. ‘‘मागच्या पोट्ट्यालेही दिसते बरं. चांगला माणूस होता हा.’’

रविवारी त्याची सगळ्यात प्रसिद्ध वसाहत. कामगारांसाठी बांधलेली लाल विटांची घरं, लाटेसारख्या वळणाऱ्या भिंती. आमची वाटाड्या बाई विटांच्या रचनेबद्दल सांगत होती आणि मी मान वर करून ऐकण्यात गुंग. वळून पाहिलं तर आपा नाहीत.

मी दोन गल्ल्या पळत पालथ्या घातल्या. त्यांना ना भाषा येत होती ना रस्ता माहीत होता. फोन त्यांनी माझ्याच पिशवीत ठेवला होता. इमरानला काय सांगायचं, या विचारातच मी तिसऱ्या गल्लीत वळले. तेवढ्यात एका तळमजल्याच्या उघड्या खिडकीतून आवाज आला, ‘‘आता पुरे! पोट फुटीन माह्यं!’’

आत स्वयंपाकघरात आपा टेबलाशी बसलेल्या. समोर सूपचा वाडगा, आणि एक पांढऱ्या केसांच्या डच आजी त्यांच्यासाठी पावाला लोणी लावत होत्या. मला पाहून आजी इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘या दारात आल्या आणि तोंडाकडे हात नेऊन दाखवू लागल्या. मला वाटलं, भूक लागली असेल.’’

मी हसत खुर्चीत बसले. मग दोघींच्या मध्ये मी दुभाषी झाले. आजी लग्न होऊन या घरात आल्या, नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. मुलगी दुसऱ्या शहरात बोलावत होती.

‘‘इचार तिले,’’ आपा म्हणाल्या, ‘‘एकटीले भेव नाही वाटत?’’

मी विचारलं. आजींनी सुरी खाली ठेवली. ‘‘वाटतं ना. रोज रात्री वाटतं. मग सकाळ होते.’’

मी ते मराठीत सांगितलं. आपांनी आजींचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मधेच म्हणाल्या, ‘‘मले घरी जायाचं आहे.’’

‘‘घरीच चाललोय की, आपा.’’

‘‘ढाणकीले.’’

मी इमरानशी बोलू का, असं विचारलं. ‘‘नोको. माह्यं लेकरू आहे, मीच सांगतो त्याले.’’

त्यांनी दारातच सांगितलं, पायातल्या चपलाही न काढता. इमरानचा चेहरा पडला. ‘‘अम्मी, मैं अकेला बेटा हूँ. वहाँ कुछ हो गया तो?’’

‘‘यहाँ नहीं होगा क्या, बेटा?’’ आपांनी त्याच्या गालावर हात ठेवला. ‘‘तूने सब किया. तेरे में कोई कमी नहीं. मेराच मन नहीं लगता.’’

तो महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. पण घराचा सौदा त्याने मोडला आणि स्वतः जाऊन आईला ढाणकीला सोडून आला. पुढे दरवर्षी तो रजा काढून जायचा. फोनवर आपा मला बाजारातल्या भांडणांपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं सांगायच्या आणि मधेच म्हणायच्या, ‘‘थांब, कोणतरी आलं.’’ त्यांच्याकडे सारखं कोणीतरी आलेलंच असायचं.

गेल्या हिवाळ्यात आपा गेल्या. दुपारी छातीत दुखलं, शेजारच्या बायकांनी दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. इमरान पोहोचला तोवर दफन झालं होतं. मातीसुद्धा देता आली नाही त्याला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा तो मला काय म्हणेल, या धास्तीनेच मी तो उचलला.

‘‘कालपासून लोक येऊन राह्यले,’’ तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून ही बोली मी प्रथमच ऐकत होते. ‘‘म्हातारे झालेले विद्यार्थी आहेत तिचे. मी ओळखतही नाही. सारे मले सांगून राह्यले, अम्मी कशी होती. तिकडं हॉलंडात तिले ओळखणारे आपण दोघंच होतो ना.’’

त्याच्या मागे अंगणात माणसांचा आवाज होता. कोणीतरी हाक मारली, ‘‘इमरान, महागावचे लोक आले रे.’’

‘‘जाऊ?’’ त्याने विचारलं.

‘‘जाय,’’ मी म्हटलं.