वाचून न दाखवलेलं वाक्य

सुनेत्राचं लग्न का जमलं नाही, यावर ॲन आर्बरच्या आमच्या मराठी मंडळींत एकेकाळी बरंच संशोधन झालं. त्यात मीही होते, खोटं कशाला बोलू. तिच्या नोकरीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नसे, कारण ती नेमकं काय करते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सुमंत आणि उत्तराची ही एकुलती एक मुलगी. इथंच जन्मली, इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकली. बरोबरीची मुलं डॉक्टर-इंजिनिअर होऊन शिकागोकडे पांगली, तेव्हा ही मिशिगनच्या पार उत्तरेला, मूळ अमेरिकन लोकांच्या एका छोट्या जमातीच्या ऑफिसात जाऊन बसली. उत्तरा लोकांना सांगायची, सोशल वर्क करते. सुमंत तेवढंही सांगत नसे.

त्याला आता चौदा वर्षं झाली. ऑफिस म्हणजे चार माणसं आणि एक सारखा बिघडणारा हीटर. जमातीतल्या ज्या मुलांना काही काळ आईवडिलांपाशी ठेवता येत नाही, त्यांना परक्या घरी न पाठवता आजी, मावशी, कुणातरी आपल्याच माणसाकडे ठेवायचं, हे त्या ऑफिसचं काम. आणि त्यासाठी वॉशिंग्टनहून पैसा आणायचा, हे सुनेत्राचं. ज्या सरकारनं पूर्वी या लोकांची मुलं उचलून लांबच्या शाळांत कोंडली, तेच सरकार आता मुलं घरात राहावीत म्हणून पैसा देतं. पण देताना असे काही कागदी घोडे नाचवायला लावतं, की चार माणसांच्या ऑफिसनं मुलांकडे बघावं का कागदांकडे, हा प्रश्नच पडावा.

सुनेत्रा कागदांत हुशार. स्वभावानं मात्र भलतीच भिडस्त. लहानपणी माझ्याकडे जेवायला आली की कारल्याची भाजी दोनदा घ्यायची. तिला कारलं अजिबात आवडत नाही, हे मला वीस वर्षांनी उत्तराकडून कळलं. आम्ही सगळ्या तिचं कौतुक करायचो. किती गुणी मुलगी, कुणाला तोंडावर दुखवत नाही, उलट उत्तर देत नाही. भीड ही भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. ते मी या मुलीला कधी सांगितलं नाही, याचं मला आज फार वाईट वाटतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांच्याकडे काइलाची केस आली. वय सव्वीस, व्यसनात पुरती बुडालेली. एक सहा वर्षांची मुलगी, मेसी, आणि एक जेमतेम महिन्याचा मुलगा, एली. आईच्या व्यसनाचा त्रास तो पोटातूनच घेऊन आलेला. त्याला दर दोन तासांनी थोडं थोडं दूध भरवावं लागे, श्वासाकडे लक्ष ठेवावं लागे. दोन्ही मुलं काइलाच्या आईकडे, बर्निसकडे द्यायची ठरली. बर्निस जवळच्या एका हॉटेलच्या धुलाईघरात कामाला होती. बाळासाठी तिला नोकरी सोडावी लागणार होती, आणि नोकरी सोडली तर घर चालायला केंद्राकडून मुलांच्या सांभाळाचा दरमहा पैसा हवा होता. तिनं औषधांच्या कपाटाला कुलूप बसवलं, धुराचे अलार्म लावले, बोटांचे ठसे दिले. घर तपासणीत पास झालं.

आता त्या पैशाची एक अट आहे. मुलांना घरातून काढणाऱ्या अगदी पहिल्या हुकुमात न्यायाधीशानं लिहिलेलं असलं पाहिजे, की त्या घरी राहणं या मुलांच्या हिताविरुद्ध आहे. ते वाक्य पहिल्या हुकुमात नसेल, तर त्या मुलांसाठी पैसा नाही. नंतर हुकूम दुरुस्त करून चालत नाही. सुनेत्राला हे पाठ होतं. बाकीच्या तिघांना तिनंच शिकवलं होतं.

पण त्या जमातीच्या कोर्टाचीही एक रीत आहे. सगळे एका टेबलाभोवती बसतात, आणि हुकुमात जे लिहिलं असेल ते घरच्या माणसांसमोर मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय सही होत नाही. जज व्हर्नन सत्तरीचे. कुठल्याही आईबद्दल वाईट म्हणून ते आपण होऊन लिहीत नाहीत. लहानपणी त्यांना स्वतःला घरातून नेलं होतं, आणि नेताना त्यांच्या आईबद्दल असंच काहीतरी वाचून दाखवलं होतं. म्हणून अशी केस असली की ते वाक्य घाला, असं सुनेत्रा त्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगायची, आणि ते कुरकुरत घालायचे. या वेळी आदला दिवस मिळालाच नाही. सगळं एका सकाळी घडलं.

जजनी हुकूम वाचला. आई बरी होईपर्यंत मुलं आजीच्या घरी विसावतील, एवढंच त्यात होतं. मग त्यांनी सुनेत्राकडे बघून विचारलं, काही घालायचं आहे का? समोर काइला बसली होती, मेसी तिच्या मांडीवर होती. सुनेत्रा म्हणाली, नाही.

का, म्हणून मी तिला पुढे विचारलं. ती म्हणाली, "मावशी, मला वाटलं नंतर ॲमेंड करू. नाही, ते पण खरं नाही. मला माहीत होतं. आय जस्ट कुडन्ट से इट. मेसी माझ्याकडे बघत होती."

पुढचं सगळं वरातीमागून घोडं. जजनी दुसरा हुकूम काढला, त्यात ते वाक्य ठळक अक्षरांत घातलं, सुनेत्रानं अकरा पानांचं पत्र लिहिलं. वॉशिंग्टनहून उत्तर आलं ते तीन ओळींचं, नकाराचं. तसा दुसरा एक निधी जमातींना मिळतो, पण तो देशभर वाटून वाटून इथवर येताना चहापाण्यापुरता उरतो. जमातीनं आपल्या खिशातून जून-जुलै कसेबसे काढले, मग तेही पैसे आटले. बर्निस पुन्हा धुलाईघरात जाऊ लागली. मेसी शाळेत जायची, तिचं भागत होतं. एलीला दिवसभर बघणार कोण? सुनेत्रा दीड महिना दुपारची सुट्टी टाकून त्याच्यापाशी बसली. एक दिवस दूध त्याच्या श्वासनलिकेत गेलं, हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि मग सगळ्यांनीच हात टेकले. एलीची केस जमातीकडून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कोर्टाकडे गेली. काउंटी बर्निसचं घर आपल्या नियमांनी नव्यानं, पहिल्यापासून तपासणार होती. त्याला सहा महिने लागणार होते. तोवर एलीला ठेवायचं ते अशी नाजूक बाळं सांभाळणाऱ्या त्यांच्या एका घरी, लॅन्सिंगजवळ, चार तासांवर.

ऑक्टोबरमध्ये मी तिच्याकडे आठवडाभर राहायला गेले होते. मी रिटायर झालेली बालरोगतज्ज्ञ. अशा बाळाबरोबर गाडीत दोन मोठी माणसं लागतात आणि ऑफिसात दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून सुनेत्रानं माझ्याकडून दोन फॉर्म भरून घेतले आणि एलीला पोचवायला मला बरोबर नेलं.

बर्निसनं बाळाची पिशवी भरून ठेवली होती. बाटल्या, चार कपडे, आणि दूध कसं भरवायचं हे मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद. ती रडत नव्हती. मेसी शाळेत होती, मुद्दामच ती वेळ निवडली होती. मी बाळाला सीटमध्ये बांधत होते, आणि सुनेत्रा दारातच थांबली. तेव्हा तिनं बर्निसला सगळं सांगितलं. पैसा वॉशिंग्टनमुळे नाही, माझ्यामुळे अडला. एक वाक्य घालायचं होतं, मला विचारलंही होतं, आणि मी घातलं नाही. सात महिन्यांत हे तिनं बर्निसला सांगितलं नव्हतं. तेही भिडेपोटीच.

बर्निसनं विचारलं, कुठलं वाक्य? सुनेत्रानं ते म्हणून दाखवलं.

"एवढंच?" बर्निस म्हणाली. "हे तर मी काइलाला तीन वर्षं तोंडावर सांगत होते. आणि त्या दिवशी तुमच्या ऑफिसला फोन कुणी केला होता? तिनंच ना? ‘माझ्या घरात मुलं राहू शकत नाहीत, घेऊन जा,’ म्हणून. तिला विचारायचं होतंस. तिनंच वाचून दाखवलं असतं."

मग तिनं पिशवी सुनेत्राच्या हातात दिली, कामाची वेळ झाली म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.