बाळाराम केणींच्या दोन गाड्या आणि मधला डोंगर

भाईंदरच्या गोडदेवात बाळाराम केणींचं नाव निघतं ते दोन कारणांनी. एक भांडणं, दुसऱ्या गाड्या. भांडणांचा हिशेब त्यांनाही ठाऊक नाही. गाड्या मात्र दोनच. दोन्ही जर्मन, दोन्ही दोन दारांच्या, आणि दोन्हींत कुटुंब मावत नाही. त्यांची बायको पुष्पलता म्हणते, "इतक्या पैशात माणसं बस घेतात. यांनी दोन-दोन गाड्या घेतल्या, तरी लग्नाला जायचं तर मला रिक्षाच."

बाळाराम मिठागरवाल्याचा मुलगा. आठवीत मास्तरांशी वाजलं, त्या दिवशी शाळा सोडली ती सोडलीच. पुढचं शिक्षण सरकारी कचेऱ्यांच्या जिन्यात, चौकीच्या बाकड्यावर आणि पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचून झालं. कायदा त्यांना पुस्तकातून कळला नाही, समोरच्या साहेबाच्या चेहऱ्यावरून कळला. कलम बोलल्यावर साहेबानं चहा मागवला, तर कलम बरोबर. नळ, गटार, दिवाबत्ती, काय हवं ते सांगा, बाळारामदादा खुर्ची टाकून बसलेच. साठी उलटली तरी आवाज असा, की गल्लीत मोबाईलवर बोलायला लागले तर पलीकडच्या माणसाला फोनची गरज नाही.

गाड्यांचं वेड मात्र भांडणातून आलेलं नाही, पंपातून आलंय. वडिलांच्या मिठागरावर खाडीचं पाणी ओढायला एक इंजिन होतं. पाण्यावर थंड होणारं इंजिन तिथे टिकायचं नाही, खारं पाणी त्याला आतून खायचं. म्हणून वडिलांनी वाऱ्यावर थंड होणारं घेतलं. अंगभर धातूच्या पाकळ्या, बाजूला पंखा, आणि धडधड अशी की बगळे तिकडे फिरकत नसत. लहान बाळाराम त्याच्या पंख्यासमोर बसून भाकरी खायचा. मिठागरं गेली, जमिनीवर इमारती आल्या, पंप भंगारात गेला. आणि मग एकदा दमणला कुठल्याशा शेठच्या गोदामात, कोंबड्यांच्या विष्ठेखाली, बाळारामना एक जुनी बसकी गाडी दिसली. शेठनं मागचं झाकण उचललं. आत तोच पंखा, त्याच पाकळ्या.

"हा तर आमचा पंप," बाळाराम म्हणाले.

शेठ म्हणाला, "साहेब, ये स्पोर्ट्स कार है."

"असेल. पंपाला कुणीतरी दारं लावलीयत."

गाडी घरी आली तेव्हा तिला चार चाकं होती, एवढंच म्हणता येईल. बाळारामनी ती स्वतः उघडली, स्वतः जोडली, आणि जोडून झाल्यावर काही सुटे भाग उरले तरी ती चालायला लागली. रंग पिवळा, आवाज मसाल्याच्या गिरणीचा, आत एसी नाही. इंजिनाला वारा मिळतो, माणसाला मिळत नाही. मे महिन्यात बाळाराम तिच्यातून उतरत तेव्हा आंघोळ करून आल्यासारखे दिसत. पेट्रोल पंपावरचा पोरगा दर वेळी विचारायचा, "दादा, पानी चेक करू?"

"पाणी लागत नाही तिला."

"मग पंधरा दिवसांनी टाकू?"

"अरे, टाकीच नाही पाण्याची. ती वारा पिते."

पोरगा गाडीकडे बघायचा, मग बाळारामकडे, आणि लांबूनच नमस्कार करायचा. बाळारामच्या आई, सुलूआय, तिला कधी गाडी म्हणाल्याच नाहीत. त्यांच्यासाठी तो पंपच. "बालाराम, पंप काढ, दवाखान्यात जायचंय," असं त्या हाक मारून सांगत आणि सगळी गल्ली हसे.

नवी गाडी आली ती उरलेल्या जमिनीच्या वाट्याच्या पैशातून. त्याच जर्मनांची, पण तीन पिढ्यांनंतरची. आतून पाण्याच्या नळ्या फिरलेल्या, बाहेरून राखाडी, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की खाली मांजर झोपलं असतं तर ते दुखावलं असतं. ही गाडी बोलायची. सीटबेल्ट लावा, टायरची हवा बघा, डोळ्यांवर झोप दिसते, चहा घ्या. बाळारामना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्यापेक्षा जास्त तक्रारी करणारं भेटलं. तरी काशिमीऱ्याच्या पुढे हायवे मोकळा मिळाला आणि त्यांनी पाय दाबला, तेव्हा पाठीला सीट अशी येऊन भिडली की तोंडातून वडिलांचं नाव निघालं. जुनी गाडी म्हणजे मेहनत, नवी म्हणजे मेहनतीचं फळ, असं ते सांगत. एक सोडली तर दुसरीला चव नाही.

सगळं ठीक होतं. फक्त नवी गाडी घरी येऊ शकत नव्हती.

त्याचं कारण त्यांनीच बांधलं होतं. शेजारच्या हंसाबेनच्या नातवाला मागे एका दुचाकीनं उडवलं, हात मोडला. बाळाराम पेटले. अर्ज, खुर्ची, घोषणा, आणि गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला. नियमात बसणारा, व्यवस्थित, पांढरे पट्टे मारलेला. गल्ली खूश. बाळाराम त्याच्याकडे बघून म्हणाले, "हा गतिरोधक आहे की पापड?" आणि रविवारी स्वतःच्या पदरचं रेती-सिमेंट आणून, चार पोरं लावून, त्यांनी त्या पापडाचा डोंगर केला. रिक्षावाले तिथे प्रवाशांना सांगू लागले, घट्ट धरा. त्यानंतर गल्लीत कुणाचा हात मोडला नाही. कंबरा मोडल्या असतील, पण त्यांनी तक्रार केली नाही, कारण तक्रार करायची तर बाळारामकडेच जावं लागलं असतं.

आता नवी गाडी आली तेव्हा शोरूमवाल्यानं एक बटण दाखवलं होतं. दाबलं की गाडीचं नाक वर उचललं जातं. बाळारामनी डोंगरापाशी बटण दाबलं. नाक उचललं, पुढची चाकं पार झाली, आणि पोट टेकलं. गाडी मधोमध तोलून राहिली, बागेतल्या सी-सॉसारखी. मागं ढकलून सोडवली. मांडववाल्याच्या फळ्या टाकून पाहिल्या, त्या कडकन मोडल्या. गल्लीला दुसरं तोंड नाही, आत गावदेवीच्या देवळापाशी ती संपते. शेवटी गाडी गेली जवळच्या जेसल पार्कात, उत्तमभाई नावाच्या दोस्ताच्या इमारतीखाली.

तेव्हापासून रोजचा क्रम असा. सकाळी बाळाराम पिवळी गाडी काढायचे, तिचं पोट राखाडीपेक्षा वर, म्हणून धडधडत डोंगर ओलांडायचे, जेसल पार्कात जायचे, ती लावायचे आणि राखाडी काढायचे. स्पोर्ट्स कारमधून स्पोर्ट्स कारपर्यंत जाणारा माणूस भाईंदर पूर्वेत हा एकच.

त्यांचा चुलतभाऊ धर्मेश हे सगळं बघत होता. केण्यांच्या भावकीत एक साधा नियम आहे. जी गाडी दारात उभी राहत नाही, गावदेवीपुढे जिचा नारळ फुटत नाही, ती गाडी आपली नाही. धर्मेश पानाच्या टपरीवर बोलू लागला, "दादाची गाडी भाड्याची हाय. शनवार-रयवार घेतो, फोटो काढतो, परत देतो. खरी असती तर दारात आली नसती?"

हे कानावर आलं तेव्हा बाळाराम जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं.

"माझी गाडी भाड्याची?"

"मला काय माहीत," पुष्पलता म्हणाली. "मीसुद्धा अजून फोटोच बघितलाय."

आणि कृतिकाची हळद तोंडावर आलेली. बाळारामची एकुलती मुलगी. हळदीला सगळी भावकी येणार, मांडव दारात, बँजोपार्टी दारात. त्या दिवशी राखाडी गाडी मांडवासमोर दिसली नाही, तर धर्मेशचं बोलणं खरं ठरणार, आणि बाळाराम केणींना पुढं कुठल्याही कचेरीत शिरलं तरी मागून हसू ऐकू येणार. हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. लोकांनी शिव्या दिलेल्या चालतील. हसलेलं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी ते ब्रेकर मशीनवाल्या सदूला घेऊन डोंगरापाशी पोचले. ठरवलं होतं, वरचा थर काढायचा, नियमातला खालचा तेवढा ठेवायचा. कायद्यानं बघितलं तर कुणी बोट दाखवू शकत नाही.

बातमी आधीच फुटली होती; डोंगरावर हंसाबेन बसल्या होत्या. फोल्डिंगची खुर्ची, मांडीवर थाळी, थाळीत तुरीच्या शेंगा. आजूबाजूला गल्लीतल्या आठ-दहा बायका, दोन रिटायर काका आणि एक पुठ्ठ्याचा फलक, त्यावर काहीच लिहिलेलं नाही.

"हंसाबेन, उठा. काम आहे."

"मारे पण काम छे," शेंग सोलत हंसाबेन म्हणाल्या. "बाळारामभाई, आ तोडवानुं नथी."

"मी सगळा काढत नाहीय. नियमाप्रमाणे जेवढा पाहिजे तेवढा ठेवतोय."

"नियमवाला तो होताच ना. तुम्हीच बोलले, पापड छे. आता तुम्हाला पापड पाहिजे?"

बाळारामनी सदूकडे असं बघितलं, जणू पापड तोच म्हणाला होता. सदूनं मशीन खाली ठेवलं आणि तंबाखू काढली.

तेवढ्यात एका काकांनी घोषणा दिली. "नही चलेगा." बाकीच्यांनी मान हलवली.

बाळाराम वळले. "काय नाही चलेगा?"

काका गोंधळले. "म्हणजे... हेच."

"कुणाची दादागिरी? कुणाविरुद्ध? नाव घ्यायला लाज वाटते? आणि हा फलक कोरा कशाला आणलाय?"

"लिहायचा होता," एक बाई म्हणाली, "पेन न्हाय मिळाला."

बाळारामनी तो फलक हातात घेऊन उलटासुलटा केला. आपल्या गल्लीत, आपल्या डोळ्यांदेखत, इतकं वाईट आंदोलन? "अहो, असे पसरून काय बसलाय, हळदीकुंकवाला आल्यासारखे? आडवे बसा, एका ओळीत. मधून स्कूटर जाईल एवढी फट ठेवलीत म्हणजे संपलं सगळं. काका, तुम्ही आधी नाव घ्यायचं, मग मागून सगळ्यांनी. बाळाराम केणी, हाय हाय. म्हणा."

"तुमचंच नाव?"

"मग काय तुमचं? मशीन कुणी आणलंय?"

घोषणा सुरू झाली. पहिली जरा दबकी आली. बाळाराम म्हणाले, पोटातून काढा. दुसरी गोडदेव नाक्यापर्यंत गेली. तिसरीला ते स्वतः ओळीत जाऊन बसले होते, लय बिघडत होती म्हणून.

सदूनं तंबाखू थुंकून विचारलं, "दादा, मशीन चालू करू का न्हाय?"

"डोळे फुटले का तुझे? माणसं बसलीयत."

मशीन परत गेलं. बाळाराम घरी आले आणि झोपाळ्यावर बसले. मांडवात भावकी जमायला लागली होती. धर्मेश नवा झब्बा घालून, हातात सरबताचा ग्लास घेऊन, रस्त्याकडे टक लावून उभा. "दादा, गाडी कुटं ठेवलीय? का वेळ झाली भाड्याची?" चार जण हसले.

झोपाळ्याच्या कड्या वाजल्या. बाळाराम उठले होते, आणि पुष्पलतानं त्यांचा दंड धरला होता. पण बोलल्या त्या सुलूआय. आतल्या खोलीतून काठी टेकत बाहेर आल्या, हातात औक्षणाचं ताट.

"गाडी येत न्हाय?"

"नाही येत, आई."

"त मना ने तिकडं. पंप काढ."

मग गल्लीनं जे पाहिलं ते असं. पिवळ्या गाडीत सुलूआय ताट धरून, मागच्या इवल्याशा सीटवर कृतिका हळदीच्या साडीत गुडघे पोटाशी घेऊन, गाडी पायी चालणाऱ्यांच्या वेगानं, आणि मागं सगळी भावकी बँजोसकट. डोंगराच्या अलीकडे पिवळी थांबली. बाळारामचा फोन गेल्यावर उत्तमभाईनं राखाडी गाडी पलीकडे आणून उभी केली होती. दोन्ही गाड्या नाकासमोर नाक. मधल्या डोंगरावर हंसाबेन अजूनही शेंगा सोलत होत्या. त्यांनी सुलूआयला हात देऊन पलीकडे उतरवलं.

सुलूआयनी राखाडी गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी ओवाळून टाकलं आणि म्हणाल्या, "आता बसव." बाळारामनी दार उघडलं. आय बसल्या, म्हणजे बसत बसत खालीच गेल्या. गाडीनं सीटबेल्टची तक्रार केली. आय तिला म्हणाल्या, "गप, बय."

जेसल पार्कच्या खाडीपर्यंत एक फेरी झाली. परत आले तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला. आय वर येईनात. सीट खोल, गुडघे म्हातारे. बाळारामनी ओढलं, पुष्पलतानं ढकललं, कृतिकानं ताट सांभाळलं. काही उपयोग नाही. भावकी गोल करून उभी होती. त्या गोलातून सुलूआयनी बरोबर एकाला हेरलं.

"धर्मेश, तो गिलास ठेव. इकडं ये, हात दे."

धर्मेशला यावं लागलं. नवा झब्बा सावरत तो वाकला, आयच्या काखेत हात घातला आणि जोर लावला.

"हळू रे," सुलूआय सगळ्या भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "गाडी बालारामची हाय, पन कंबर माजी हाय."